घरी पॅलिएटिव्ह केअर : ठाणे-नवी मुंबईत काय मिळतं, कुठे अडतं

खाडीकिनारा (धागाकर्ता)

मोफत उपचारांच्या धाग्यावर गाडी दुसरीकडेच गेली, म्हणून हा वेगळा काढतोय. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे उपशामक सेवा, आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारे उपचार. आजार बरा होणार नाही असं डॉक्टरांनी सांगून झालंय. पण दुखतंय, दम लागतोय, जखम वाहतेय. अशा पेशंटला घोडबंदर, कळवा, ऐरोली, नेरूळ या पट्ट्यात घरच्या घरी काय मिळू शकतं, ते एका जागी यावं.

आधी योजनांचं बघू, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. त्यात ठाण्याचं सिव्हिल येतं. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं, आणि वाशी, नेरूळ, ऐरोलीची रुग्णालयं नवी मुंबई महापालिकेची. त्यांना तो निर्णय आपोआप लागू होत नाही, त्यांचे दर आणि सवलती त्यांच्या त्यांच्या.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आणि ती सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली झाली. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मान योजनेचं वय वंदना कार्डही आहे. यातली प्रत्येक गोष्ट मोजली जाते ती पेशंट ॲडमिट झाल्यावर. घरी येणारी नर्स, भाड्याचा पलंग, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, ड्रेसिंगचं सामान यांना पॅकेज नाही, म्हणजे योजनेतून पैसे मिळत नाहीत. राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ चा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात ही सेवा प्राथमिक आरोग्यात धरली आहे, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या) बारा सेवांच्या यादीतही ती आहे. यादी ते घराचा उंबरठा, यामधलं काय चालतं ते जाणकारांनी लिहावं.

औषधवाला_वाशी

मॉर्फीनपासून, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या अफूवर्गातल्या औषधापासून सुरुवात करतो.

१९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यामुळे पूर्वी मॉर्फीन ठेवायला चार-पाच वेगवेगळे परवाने लागायचे. एकाची मुदत चालू तर दुसऱ्याची संपलेली. त्यामुळे हॉस्पिटलांनी नादच सोडला होता. २०१४ ला कायदा बदलला. मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आणि नियम देशभर एकच झाले. आता संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून, म्हणजे आपल्याकडे एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासनाकडून), ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ ही एकच मान्यता लागते. सगळे तिला आरएमआय म्हणतात. वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर, कुलपातला साठा, रोजच्या आवक-जावकीची वही आणि वर्षाच्या गरजेचा अंदाज, एवढ्यावर ती मिळते.

म्हणून नाक्यावरच्या मेडिकलमध्ये मॉर्फीनची गोळी मागू नका. तो ठेवत नाही. हॉस्पिटलच्या फार्मसीत फोन करताना “मॉर्फीन आहे का?” एवढंच विचारलं तर “आहे” असं उत्तर येईल, आणि ते ऑपरेशन थिएटरचं इंजेक्शन असेल. “तोंडाने घ्यायच्या मॉर्फीनच्या गोळ्या ओपीडी पेशंटला देता का?” असं पूर्ण वाक्य विचारा.

गोळ्या आणायला पेशंटने स्वतः जायची बहुतेक ठिकाणी गरज नसते. नातेवाईक चालतो. सोबत केसपेपर, मागचं प्रिस्क्रिप्शन, पेशंटचं आणि स्वतःचं आधार, आणि दुखण्याची नोंद असलेला कागद घ्या. साधारण दोन ते चार आठवड्यांचं औषध देतात.

सिस्टर_नेरूळ

दुखण्याच्या नोंदीचं वर आलंय, ते नेमकं सांगते. साध्या वहीत चार रकाने आखा: वेळ, दुखणं शून्य ते दहापैकी किती, काय दिलं, तासाभराने किती राहिलं. शौचाचा रकाना पाचवा. एवढी वही समोर असली की डॉक्टर पाच मिनिटांत डोस ठरवतात. “रात्री फार तळमळतात हो” एवढ्यावर ठरत नाही.

साध्या मॉर्फीन गोळीचा असर चार तास. म्हणून ती दुखो न दुखो, चार-चार तासांनी द्यायची. ‘लागेल तेव्हा’ देऊन वेदना डोक्यावर बसते आणि मग आटोक्यात येत नाही. समजा डॉक्टरांनी १० मिलिग्रॅम लिहिलंय. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, आणि रात्री १० ला दोन गोळ्या, म्हणजे मध्यरात्री २ ला उठवावं लागत नाही. दिवसाचे ६० झाले. मधेच कळ आली तर द्यायचा जादा डोस एकूणाच्या सहाव्या भागाएवढा, म्हणजे पुन्हा १०. चार आठवड्यांच्या नियमित गोळ्या १६८. रोज दोन जादा लागतील असं धरलं तर आणखी ५६. हा हिशोब करून जा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात डबी रिकामी आणि पुन्हा हार्बर लाइन.

वयस्कर किंवा फार अशक्त माणसाला सुरुवात २.५ ते ५ पासून. डोस डॉक्टरच ठरवणार, मी गणित सांगतेय.

बद्धकोष्ठाचं औषध पहिल्या गोळीबरोबर सुरू झालं पाहिजे. मळमळ आणि गुंगी तीन-चार दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ ओसरत नाही. बिसाकोडिल किंवा सेन्ना रात्री, रोज. घरचे इसबगोल देतात. पाणीच कमी पिणाऱ्या पेशंटला इसबगोलाने खडा आणखी घट्ट होतो. अनेक घरांत मॉर्फीन “सोसलं नाही” म्हणून बंद होतं, आणि खरं कारण आठवडाभर न झालेली शौच असतं.

लाल_दिवा_ठाणे

मॉर्फीन सुरू केलं म्हणजे आटोपलं, माणूस लवकर जातो, असं सोसायटीत ऐकायला येतं. यात तथ्य किती?

डॉ_उपवन

हळूहळू वाढवलेल्या तोंडी मॉर्फीनने माणूस लवकर जात नाही. उलट झोप लागते, चार घास खाल्ले जातात. धोका चुकीच्या वापराचा. डोस एकदम वाढवणं, झोपेच्या गोळ्या मनाने जोडणं, दीर्घ परिणामाची गोळी कुटून नळीतून देणं. शेवटचं तर कधीच करू नका. बारा तासांचं औषध एकदम सुटतं.

दुसरं, किडनी. किडनी कमी चालणाऱ्या, म्हणजे क्रिएटिनिन वाढलेल्या पेशंटमध्ये मॉर्फीनचे उपघटक शरीरात साचतात. मग स्नायूंचे झटके, भ्रम, अति झोप. तिथे फेंटानिलचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी, जास्त बरा. पॅच ७२ तासांनी बदलायचा, जागा दर वेळी वेगळी. पहिला लावल्यावर पूर्ण असर यायला १२ ते २४ तास लागतात, तोवर आधीचं औषध चालू ठेवायचं. पॅच कापायचा नाही. आणि आपल्या भागापुरती सूचना: उष्णतेने त्यातलं औषध जास्त शोषलं जातं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात, तापात, किंवा पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर डोस वाढल्यासारखंच होतं. श्वास फार मंद झाला, हाक मारून जाग येत नसली, तर पॅच काढा आणि लगेच डॉक्टरांना फोन. काढल्यावरही काही तास असर राहतो, म्हणून पेशंटला एकटं सोडू नका. काढलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून ठेवा, त्यात औषध उरलेलं असतं. घरात लहान मूल असेल तर विशेष जपा.

ट्रामाडॉलबद्दलही. २०१८ पासून तेही एनडीपीएसखाली आहे, तरी ते सहज लिहिलं जातं. दिवसाची मर्यादा ४०० मिलिग्रॅम. त्यावर दुखणं थांबत नसेल तर आणखी ट्रामाडॉल देण्यात अर्थ नाही, फिट येण्याचा धोका मात्र वाढतो. मॉर्फीनवर जायची वेळ ती.

फाईल_फिरली

मॉर्फीनवरच अडकू नका मंडळी. परवाना आता तितका अवघड राहिलेला नाही. अडतंय ते मनुष्यबळावर.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातली पॅलिएटिव्हची पदं कंत्राटी. माणूस शिकतो, हात बसतो आणि खाजगीत जातो. प्रशिक्षित डॉक्टरची बदली झाली की संस्थेची मान्यता कागदावर राहते आणि साठा मागवायला सही करणारा नसतो. शहरी आरोग्य केंद्रातल्या आशाताईंना गृहभेटीचं प्रशिक्षण आहे, पण त्यांच्या वहीत लसीकरण, गरोदर माता, टीबी, सर्वेक्षण सगळं आहे. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटसाठी तासभर कुठून आणायचा?

केरळने २००८ मध्ये धोरण केलं तेव्हा खरी गोष्ट ही केली की गृहभेटीच्या नर्सचा पगार आणि गाडीचं भाडं स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अंदाजपत्रकात घातलं. पंचायत पैसे देते, म्हणून पंचायत विचारतेही की सिस्टर का आली नाही. आपल्याकडे धोरण राज्याचं, पैसा अभियानाचा, दवाखाना महापालिकेचा. तक्रार कुठे करायची हेच कळत नाही. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेच्या अंदाजपत्रकात ‘गृहभेट उपशामक सेवा’ असं स्वतंत्र लेखाशीर्ष (खर्चाची वेगळी ओळ) नसेल, तर तिथला एकही अधिकारी मनात असूनही गाडी भाड्याने घेऊ शकत नाही. नगरसेवकाकडे मागायची तर ही एक ओळ मागा. नवीन इमारत मागू नका, ती लगेच मिळते.

औषधवाला_वाशी

पटतं, पण अर्धंच. नर्स आली आणि तिच्या पिशवीत पॅरासिटामॉल सोडून काही नसेल तर ती तरी काय करणार? ठाणे जिल्ह्यात कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूरही येतं. तिथल्या पेशंटला गोळ्यांसाठी परळचं टाटा हॉस्पिटल गाठायला लागू नये. तालुक्याच्या एका तरी रुग्णालयाला मान्यता हवीच.

फाईल_फिरली

मान्य. दोन्ही एकदम हवं. आधी मान्यता आली आणि माणूस आला नाही तर कपाटात औषधाची मुदत संपते, एवढंच माझं म्हणणं.

खाडीकिनारा

भांडा, पण सध्या ज्याच्या घरी पेशंट आहे त्याने उद्या सकाळी कुठे जायचं तेही लिहा की!

डॉ_उपवन

कॅन्सरचा पेशंट आधीच टाटाचा असेल तर परळच्या टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे. फाईल तिथे रेफर करून घ्या, नवीन केसपेपर लागत नाही. केमो बंद करताना ऑन्कॉलॉजिस्ट (कॅन्सरचे डॉक्टर) आपणहून रेफर करतीलच असं धरू नका, तोंडाने मागा. खारघरचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र टाटाचंच. पाठपुरावा तिथे होईल का, हे नवी मुंबईकरांनी विचारून घ्यावं. मिरा रोडचं भक्तिवेदांत हॉस्पिटल आपल्याच जिल्ह्यातलं, तिथेही पॅलिएटिव्ह सेवेची चौकशी करा. घरी सांभाळणं शक्यच नसेल तर वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून चालू आहे, ते पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटसाठी.

कॅन्सर नसलेल्यांची पंचाईत जास्त. पार्किन्सन, डिमेन्शिया, वारंवार फेल होणारं हृदय, डायलिसिस नको म्हणणारे पेशंट. यांना टाटाचं दार नाही. इथे फॅमिली डॉक्टरच कणा, आणि त्यांच्या मदतीला घरी येणारी नर्स. नर्स पुरवणाऱ्या ब्युरोकडून नर्स घेताना शिकलेली जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा झालेली) आहे की अटेंडंट, हे स्पष्ट विचारा. दोघींच्या कामात आणि पैशात बराच फरक आहे, आणि ब्युरोवाले दोघींनाही सिस्टरच म्हणतात.

सिस्टर_नेरूळ

घरची तयारी थोडक्यात. फक्त जिथे नेहमी चुकतं तेवढंच.

तोंडाच्या कॅन्सरच्या जखमेला वास येतो. मेट्रोनिडाझोलच्या गोळीची बारीक पूड सलाइनने धुतलेल्या जखमेवर टाकली की दोन-तीन दिवसांत वास खूप कमी होतो. खोलीत अगरबत्ती लावू नका, धुराने पेशंट खोकतो. माश्या बसू देऊ नका, दिवसाही मच्छरदाणी. जखमेत अळ्या दिसल्या तर घाबरून ओढत बसू नका. सिस्टरला बोलवा. टर्पेंटाइनचा बोळा काही मिनिटं जवळ धरला की त्या वर येतात, मग चिमट्याने काढतात.

मानेच्या जखमेतून अचानक मोठा रक्तस्राव होऊ शकतो. गडद रंगाचे, मरून किंवा काळे टॉवेल उशाशी ठेवा. पांढऱ्या चादरीवर तेवढंच रक्त फार दिसतं आणि पेशंट जास्त घाबरतो.

हवेची गादी घेतली तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच. आणि लाईट गेली की ती गादी बसते, पेशंट कडक पलंगावर येतो. दिवा स्टेशन परिसरात आणि घोडबंदरच्या काही भागांत हे लक्षात ठेवा. नाकातून नळी असेल तर भरवताना डोकं ३० ते ४५ अंश वर, आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तसंच.

तोंडाने गिळणं थांबलं म्हणजे सलाइनसाठी ॲडमिट करा असं नसतं. बारीक बटरफ्लाय सुई पोटाच्या किंवा दंडाच्या कातडीखाली बसवून उलटीचं, घशातल्या घरघरीचं औषध घरी देता येतं, मॉर्फीनसुद्धा. पण शेवटच्या दिवसांत सलाइन लावाच असा आग्रह धरू नका. ते पाणी फुप्फुसात आणि पायात उतरतं, घरघर वाढते. ओठ ओले ठेवा, तोंड पुसा. दम लागत असेल तर चेहऱ्यावर टेबल फॅनचा झोत. ऑक्सिजनची पातळी चांगली असेल तर कॉन्सन्ट्रेटरपेक्षा पंखाच जास्त कामाला येतो.

नोटरी_नाका

कायद्याचा भाग. लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेलं इच्छापत्र. तिच्याबद्दल दोन टोकांची मतं फिरतात, म्हणून लिहितो.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला तिला मान्यता दिली, पण पद्धत इतकी किचकट की कोणी फिरकेना. २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी केली. आता मॅजिस्ट्रेटसमोर जायला नको. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीने कोण निर्णय घेईल त्यांची नावं त्यात लिहायची. एकेक प्रत त्यांना, फॅमिली डॉक्टरांना, आणि स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला. महापालिकेच्या आरोग्य विभागात प्रत देताना पोच घ्या. खिडकीवरच्या माणसाला माहिती नसण्याची शक्यता भरपूर, म्हणून निकालाचा संदर्भ अर्जात वरच लिहा.

ही कागदपत्रं लागतात आयसीयूत व्हेंटिलेटरसारखा जीवनाधार काढायचा किंवा सुरूच करायचा नाही तेव्हा. तिथे तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं मत देतात, दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो. घरी राहून वेदनाशमन घ्यायला लिव्हिंग विल लागत नाही. शुद्धीतला पेशंट ‘मला हॉस्पिटल नको’ म्हणू शकतो, तेवढं पुरे.

लाल_दिवा_ठाणे

आणि पेशंट घरीच वारला तर मृत्यूचा दाखला? आमच्याकडे सगळ्यात जास्त धावपळ त्याचीच बघतो. रात्री दोनला कोणी सही करत नाही.

डॉ_उपवन

हा प्रश्न आधी यायला हवा होता.

घरी मृत्यू झाला तर कारणाचं प्रमाणपत्र नमुना ४-अ वर लागतं. नमुना ४ हॉस्पिटलमधल्या मृत्यूसाठी. शेवटच्या आजारात ज्याने तपासलं त्या डॉक्टरने ते विनाशुल्क द्यायचं असतं. ज्याने पेशंट कधी पाहिलाच नाही त्याने नाही म्हटलं तर ते बरोबर आहे, त्याला खोटी सही करता येत नाही. मग स्मशानात अडतं, कोणीतरी पोलिसांत फोन करतं, आणि कॅन्सरने गेलेल्या माणसाचंही शवविच्छेदन करायची वेळ येते.

म्हणून घरी आणायच्या आधीच एक डॉक्टर ठरवा आणि त्यांना स्पष्ट विचारा, “शेवटी ४-अ तुम्ही द्याल का? रात्री आलात तर?” हो म्हणाले तर त्यांना आठवड्या-पंधरवड्याने एकदा पेशंट दाखवत राहा, व्हिजिटची चिठ्ठी तारखेसह ठेवा. प्रिस्क्रिप्शन पॅडवर नुसतं ‘मृत झाले’ लिहिलेलं चालत नाही, छापील नमुनाच लागतो. डॉक्टरांकडे तो नसतो बऱ्याचदा, महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागातून आधी आणून ठेवा.

यातली मोठी गोची डामा डिस्चार्जची. आयसीयूचा खर्च झेपत नाही म्हणून ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’ सही करून पेशंट घरी आणतात. त्या कागदावर आजाराची अवस्था नीट नसते, आणि बाहेरचा डॉक्टर तो शब्द पाहूनच मागे सरकतो. डामावर सही करण्याआधी डॉक्टरांना सांगा की आम्हाला नियमित डिस्चार्ज द्या, आणि डिस्चार्ज समरीत निदान, अवस्था, उपचारांची मर्यादा आणि ‘घरी आराम देणारे उपचार’ हे लिहा. बहुतेक वेळा लिहून देतात, मागितलं तर.

फाईल_फिरली

मृत्यूची नोंदणी २१ दिवसांच्या आत. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यापुढे परवानगी. नाव आधारवर आहे तसंच लिहा. पेन्शन, बँक, सोसायटीचा शेअर दाखला या सगळ्यांना तेच स्पेलिंग लागतं, आणि दुरुस्तीला नोंदणीपेक्षा जास्त वेळ जातो.

लाल_दिवा_ठाणे

१०८ चं काय करायचं? घरचे घाबरून पहिला फोन तिथेच करतात.

सिस्टर_नेरूळ

१०८ चं काम पेशंट हॉस्पिटलला पोचवणं, ते त्यांचं काम करणार. घरीच ठेवायचं नक्की असेल तर फ्रिजवर कागद लावा: डॉक्टरांचा नंबर, सिस्टरचा नंबर, कळ आली तर कोणती गोळी किती, दम लागला तर काय. गावाहून आलेले काका रात्री जागे असतात आणि त्यांना यातलं काहीच माहीत नसतं, फोन तेच लावतात. मृत्यूनंतर १०८ गाडी देत नाही, शववाहिका महापालिकेकडे मागायची.

औषधवाला_वाशी

उरलेल्या गोळ्या-पॅच जिथून घेतले त्या केंद्रात परत द्या, ते वहीत नोंद करून घेतात. शेजारच्या आजींना गुडघेदुखीसाठी देऊ नका. हसू नका, असं खरंच देतात लोक.

खाडीकिनारा

धन्यवाद सगळ्यांना. ४-अ चा आणि डामाचा भाग याच धाग्यात वर हलवतोय. ज्यांच्या जवळच्या सरकारी किंवा महापालिका रुग्णालयात तोंडी मॉर्फीन ओपीडीत मिळतं त्यांनी रुग्णालय, वार आणि ओपीडीची वेळ एवढंच लिहा. पेशंटची नावं नकोत. भिवंडी, कल्याण आणि शहापूरकडून अजून एकही नोंद आलेली नाही.